सामना सुटतो तेव्हा

गावच्या सणानंतरच्या रविवारी चर्चमागील पटांगणावर दोन वाड्यांचा फुटबॉलचा सामना असला, म्हणजे त्या दिवशी गावात दुसरा विषय नसतो. सकाळच्या मिस्साहून परतताना वाटेवर तीच चर्चा, दुपारचे जेवण घाईघाईने उरकलेले, आणि ऊन कलण्यापूर्वीच पोरे पटांगणाच्या गडग्यावर जाऊन बसलेली. आम्हीही या आनंदाचे वाटेकरी आहोत, हे आरंभीच सांगून टाकतो. पुढे जे लिहीत आहोत ते खेळाविषयीच्या अप्रीतीने नव्हे, तर प्रीतीपोटीच.

गेल्या मोसमात अशाच एका सामन्यास आम्ही गेलो होतो. अखेरच्या घटकेला गोल झाला आणि निकाल फिरला. एका बाजूने जल्लोष उठला, दुसऱ्या बाजूने शिव्या आणि पाठोपाठ दोन-चार दगडही आले. पटांगणाला फाटके दोन. पण बिनतिकिटाचे कोणी आत शिरू नये म्हणून त्यांपैकी एकाला साखळी घालून कुलूप लावलेले होते. साहजिकच सारी माणसे उरलेल्या एका फाटकाकडे लोटली. त्या रेट्यात एक वृद्ध गृहस्थ फाटकापाशी अडखळून खाली पडले. सुदैवाने दोन तरुणांनी ते पाहिले. त्यांनी पाय रोवून व पाठ देऊन मागील लोंढा क्षणभर थोपविला आणि त्यांना उचलून उभे केले. ते तरुण दोन वेगवेगळ्या वाड्यांचे होते, हे त्यांच्या अंगातील सदऱ्यांवरून दिसत होते. वृद्ध गृहस्थांना खरचटण्यापलीकडे काही झाले नाही. कुलपाची किल्ली कोणाजवळ होती, अशी आम्ही नंतर चौकशी केली. किल्ली ज्याच्या खिशात होती तो पटांगणाच्या पलीकडल्या टोकास सामना पाहण्यात दंग होता.

त्या दिवशी लोक घरोघर दगडफेकीविषयी बोलले. कुलपाविषयी कोणी बोलले नाही. आमच्या मते चूक येथेच होते. फुटबॉलच्या मैदानावर माणसे दगावली की आपण म्हणतो, दंगेखोरांमुळे झाले. दंगा वाईट खराच. पण एकाच शहरातील किंवा शेजारच्या गावांतील प्रतिस्पर्धी संघांच्या सामन्यांत जे मोठे अनर्थ घडले, त्यांचा वृत्तांत नीट पाहिला तर निराळेच सत्य हाती लागते. राग ही ठिणगी असते, कधी तीही नसते. जीव घेतो तो अरुंद जिना, बंद फाटक आणि गर्दीची कोणी न केलेली मोजदाद.

आपल्या देशातील उदाहरण प्रथम घेऊ. कोलकात्यात मोहन बागान आणि ईस्ट बंगाल हे दोन जुने संघ; पहिला १८८९ सालचा, दुसरा १९२० सालचा. फाळणीनंतर पूर्व बंगालमधून निर्वासित होऊन आलेल्या असंख्य कुटुंबांना दुसरा संघ म्हणजे हरवलेल्या घराची खूण वाटला. तेथील चुरस स्वयंपाकघरापर्यंत पोहोचलेली आहे: ईस्ट बंगाल जिंकले की हिलसा मासा शिजावयाचा, मोहन बागान जिंकले की कोळंबी. १६ ऑगस्ट १९८० रोजी या दोन संघांचा सामना ईडन गार्डन्स या क्रिकेटच्या मैदानावर झाला. दोन्ही पक्षांचे पाठीराखे सज्जात मिसळून बसले होते. उत्तरार्धात दोन खेळाडूंत झटापट झाली व पंचांनी दोघांनाही मैदानाबाहेर काढले. मैदानावरील भांडण तेवढ्यावर मिटले. सज्जात मात्र ते पेटले. मारामारी सुरू झाली, भ्यालेली माणसे बाहेर पडण्यासाठी धावली आणि त्या चेंगराचेंगरीत १६ जण प्राणास मुकले. खेळ पाहून संध्याकाळी घरी यावे एवढ्याच अपेक्षेने निघालेली ती माणसे होती. तेव्हापासून बंगालमध्ये १६ ऑगस्ट हा दिवस फुटबॉलप्रेमींचा दिवस म्हणून पाळला जातो आणि त्या दिवशी रक्तदान होते. रक्त सांडले त्याच दिवशी रक्त द्यावे, हे प्रायश्चित्त आम्हाला फार सुंदर वाटते.

दुसरे उदाहरण दूरच्या स्कॉटलंडमधील आहे. परंतु आपणां कॅथॉलिक मंडळींचा त्याच्याशी जवळचा संबंध आहे. ग्लासगो शहरात सेल्टिक व रेंजर्स हे दोन संघ आहेत. १८८७ साली मारिस्ट बंधुसंघातील ब्रदर वॉल्फ्रिड यांनी सेंट मेरी चर्चच्या सभागृहात सेल्टिकची स्थापना केली. आयर्लंडहून पोटासाठी आलेल्या दरिद्री कुटुंबांतील मुलांना एक वेळचे जेवण मिळावे, त्यासाठी सामन्यांतून पैसा उभा करावा, हा त्यांचा हेतू होता. रेंजर्स हा १८७२ सालचा संघ. त्याच्याभोवती पुढे प्रॉटेस्टंट समाज जमला. धर्मादायाच्या हेतूने जन्मलेल्या संघाच्या सामन्यांतून पुढे पिढ्यान्‌पिढ्या द्वेषाची गाणी गायिली गेली आणि ती दोन्ही बाजूंनी गायिली गेली, हे आपण नम्रपणे कबूल केले पाहिजे. भुकेल्या मुलांच्या ताटासाठी सुरू झालेल्या खेळाच्या नावाने शेजाऱ्याच्या श्रद्धेला शिवी द्यावी, याहून मोठी विटंबना कोणती?

तथापि २ जानेवारी १९७१ रोजी रेंजर्सच्या आयब्रॉक्स मैदानावर जे घडले, त्यास द्वेष कारण नव्हता. सुमारे ८० हजार प्रेक्षक जमले होते. सामना बरोबरीत सुटणार असे दिसत असता अगदी अखेरीस सेल्टिकने गोल केला आणि त्याला काही क्षणांतच रेंजर्सने उत्तर दिले. एक-एक अशी बरोबरी झाली. शिट्टी वाजली व लोक घरी निघाले. मैदानाच्या एका कोपऱ्यात तेरा क्रमांकाचा उंच, उताराचा जिना होता. त्याच्या दोन्ही अंगांस भक्कम कुंपण होते आणि मधे लोखंडी कठड्यांनी वाटा पाडलेल्या होत्या. उतरताना कोणाचा तरी तोल गेला असावा. तो पडला, त्याच्यावर पाठीमागचे पडले, आणि वरून उतरणाऱ्यांना खाली काय झाले हे दिसेना. बाजूला सरावयास जागा नव्हती. ६६ जण मृत्युमुखी पडले. त्यांत पुष्कळ मुले व तरुण होते. मार्किंच नावाच्या एका लहान गावातील पाच शाळकरी मित्र एकदमच गेले.

पुढे बरीच वर्षे लोक असे सांगत असत की, मैदान सोडून निघालेली माणसे शेवटच्या गोलाचा जल्लोष ऐकून मागे वळली आणि खाली येणाऱ्यांवर आदळली. चौकशीत हे खरे ठरले नाही. सारे एकाच दिशेने, घराकडेच निघाले होते. म्हणजे दोष प्रेक्षकांच्या उतावळेपणाचा नव्हे, तर जिन्याचा होता. आणि तो जिना धोक्याचा आहे हे अज्ञात नव्हते. त्याच जिन्यावर १९६१ साली दोघांचा बळी गेला होता. १९६७ व १९६९ साली पुन्हा माणसे जखमी झाली होती. तीन वेळा सूचना मिळाली. चौथ्या वेळी ६६ घरांत आकांत झाला. नंतर नुकसानभरपाईच्या दाव्यात न्यायालयाने क्लबवर दोष ठेवला. १९७२ साली लॉर्ड व्हीटली यांचा अहवाल आला आणि १९७५ साली ब्रिटनमध्ये कायदा झाला. मोठ्या मैदानांना सुरक्षिततेचा दाखला घेणे आणि किती माणसे आत घ्यावयाची याची मर्यादा पाळणे त्याने बंधनकारक केले. आयब्रॉक्सचे मैदान पुढे पाडून बहुतांश नव्याने बांधले गेले. दुर्घटनेच्या त्याच महिन्यात सेल्टिक व रेंजर्स यांच्या खेळाडूंनी एकत्र संघ करून स्कॉटलंडच्या संघाशी सामना खेळला आणि त्याचे उत्पन्न मृतांच्या कुटुंबीयांस दिले. ब्रदर वॉल्फ्रिड यांचा मूळ हेतू त्या एका दिवशी तरी पुन्हा जिवंत झाला.

अशा गोष्टी जुन्या काळी घडत, आता नाहीत, असे कोणी म्हणेल. त्यांनी इंडोनेशियातील मलांगकडे पाहावे. १ ऑक्टोबर २०२२ रोजी तेथे अरेमा आणि पर्सेबाया या पूर्व जावातील दोन वैरी संघांचा सामना झाला. दंगा होऊ नये म्हणून पाहुण्या संघाच्या पाठीराख्यांना प्रवेशच दिला नव्हता. यजमान तीन विरुद्ध दोन गोलांनी हरले. रागावलेले प्रेक्षक मैदानात उतरले. पोलिसांनी अश्रुधूर सोडला आणि तो सज्जांतही गेला. वास्तविक मैदानावर असा धूर वापरू नये असा आंतरराष्ट्रीय फुटबॉल संघटनेचा नियम आहे. डोळे चुरचुरणारी, गुदमरलेली माणसे दारांकडे धावली. काही दारे बंद, काही अरुंद. १३५ जण मेले, त्यांत तीसहून अधिक मुले. वाचकहो, येथे क्षणभर थांबा. प्रतिस्पर्ध्यांचा एकही जथा तेथे नव्हता. भांडावयास समोर कोणी नसताना हा अनर्थ झाला.

गर्दीत माणूस कसा मरतो हे समजून घेणे उपयोगाचे आहे. पायांखाली तुडवून मरतात असे आपल्याला वाटते. पण पुष्कळजण उभ्या-उभ्याच जातात. श्वास घेताना छाती फुगावी लागते. चोहोबाजूंनी शरीरे घट्ट दाबली गेली की छातीला ती जागा मिळत नाही आणि माणूस काही मिनिटांतच गुदमरतो. एका चौरस मीटरात पाच-सहापेक्षा अधिक माणसे दाटली की कोणाचेच पाऊल त्याच्या इच्छेने पडत नाही. गर्दी पुराच्या पाण्यासारखी हेलकावे खाते. मागे असलेला मनुष्य दुष्टपणाने रेटत नसतो. पुढे कोणी पडले आहे हे त्याला ठाऊकच नसते.

आता आपल्या मुलखाकडे वळू. गोव्यात हा खेळ १८८३ साली शिवोली येथे फादर विल्यम रॉबर्ट लायन्स यांनी आणला असे सांगितले जाते. तेथे चर्चचे पटांगण आणि फुटबॉल ही जोडी जुनी आहे. बेळगावकडील आमच्या वाचकांना कोल्हापूरचे शाहू स्टेडियम परिचित असेल. तेथे पेठांपेठांच्या तालमींचे संघ उतरतात तेव्हा चुरस विलक्षण असते, आणि प्रसंगी तिचे पर्यवसान हुल्लडबाजीत व दगडफेकीतही झालेले आहे. केरळातील मलप्पुरम जिल्ह्यात मार्च २०२२ मध्ये एका गावच्या सामन्यात प्रेक्षकांसाठी उभारलेली तात्पुरती गॅलरी कोसळून अनेकजण जखमी झाले. म्हणजे संकट येण्यास ८० हजार माणसे जमावी लागत नाहीत. एक कच्ची गॅलरी किंवा एक कुलूप पुरेसे होते.

म्हणून सामने भरविणाऱ्या मंडळींस आमचे सांगणे असे. सामना चालू असेपर्यंत कोणत्याही फाटकाला कुलूप असू नये. बिनतिकिटाच्या माणसांना अडवावयाचे असेल तर तेथे माणूस बसवावा. शिट्टीपूर्वी दहा मिनिटे सर्व फाटके सताड उघडावीत आणि प्रत्येकापाशी दोन जबाबदार माणसे मैदानाकडे पाठ व गर्दीकडे तोंड करून उभी राहावीत. जागा असेल तितकीच तिकिटे काढावीत. दोन पक्षांच्या बसण्याच्या जागा आणि बाहेर पडण्याच्या वाटा निरनिराळ्या ठेवाव्यात. फाटकासमोर सायकली, मोटारी व खाऊच्या गाड्या उभ्या राहू देऊ नयेत. बांबूंची गॅलरी जाणत्या सुताराने तपासल्यावाचून तिच्यावर कोणास चढू देऊ नये. यांपैकी कशालाही फारसा पैसा लागत नाही.

आईबापांनीही काही गोष्टी मुलांना शिकवून ठेवाव्यात. आत शिरताच बाहेर जाण्याची वाट पाहून घ्यावी. चुकामूक झाली तर कोठे भेटावयाचे ते आधीच ठरवावे. सामना सुटल्यावर घाई न करता जागेवरच थांबावे; दहा मिनिटांनी घर दूर जात नाही. दाटीत सापडल्यास हात छातीसमोर धरावेत, म्हणजे श्वासापुरती जागा राहते. चप्पल पडली तरी वाकू नये. लोंढ्याच्या उलट जाऊ नये, कडेकडेने सरकावे. आणि पहिला दगड उचलणारा हात आपल्या घरचा नसावा. तो दगड कोणाला लागो न लागो, त्याच्या भीतीने सुटलेला लोंढा शेवटी एखाद्या मुलावर किंवा वृद्धावरच जाऊन पडतो.

हाडवैर हा शब्द आपण खेळात सहज वापरतो. पण हाडवैऱ्यांनाही एकत्र येता येते. कोलकात्यातच १८ ऑगस्ट २०२४ रोजी मोहन बागान व ईस्ट बंगाल यांचा ठरलेला सामना रद्द झाला. एका तरुण महिला डॉक्टरवरील अत्याचार व तिच्या हत्येने ते शहर तेव्हा हादरून गेले होते. त्या संध्याकाळी दोन्ही संघांचे पाठीराखे, मोहम्मेडन स्पोर्टिंगच्या पाठीराख्यांसह, मैदानाबाहेर एकत्र जमले आणि तिच्यासाठी न्याय मागितला. शेजारी कोण आहे याची त्यांना त्या दिवशी आठवण झाली होती.

आमच्या त्या दोन तरुणांनाही ती फाटकापाशी झाली. त्यांची नावे आम्ही विचारली नाहीत. कोण जिंकले हेही आता विसरलो. परंतु त्या संध्याकाळी रोझरीसाठी गुडघे टेकताना एका घरात आजोबांची जागा रिकामी राहिली नाही, एवढे पक्के ठाऊक आहे. पुढील मोसमात हे काम दोघांच्या पाठीवर सोपवू नये. किल्ली फाटकापाशी असावी, आणि फाटक उघडे असावे.