चिलखताचे सांधे

लंडनहून मुंबईला निघालेली पी. अँड ओ. कंपनीची ‘इजिप्त’ ही आगबोट 20 मे 1922 रोजी फ्रान्सच्या किनाऱ्याबाहेर दाट धुक्यात ‘सेन’ या फ्रेंच जहाजाशी टक्कर होऊन बुडाली. ऐंशीहून अधिक माणसं दगावली आणि दहा लाख पौंडांहून जास्त किमतीचं सोनं-चांदी शंभर मीटरपेक्षा खोल गेलं.

एवढ्या खोलीवर रबरी पोशाखाचा पाणबुड्या हतबल होता. त्याला पाण्याच्या दाबाइतकीच दाबलेली हवा पुरवावी लागे. तिच्यातला नायट्रोजन खाली डोकं गुंगवतो आणि माणूस घाईनं वर आला तर रक्तात बुडबुडे धरतो. यावर एक उपाय होता : पाण्याचा सगळा भार स्वतः झेलणारं चिलखत, आत मात्र जमिनीवरचीच हवा.

इंग्लंडच्या डेव्हन परगण्यातल्या जॉन लेथब्रिज यानं 1715 मध्येच तसं ओक लाकडाचं पिंप बनवलं होतं. पालथं पडून, भोकांतून हात बाहेर काढून तो दहा वाव खोल काम करी. पण हात चिलखताबाहेर, म्हणजे दाब थेट हातांवर. हात आत घ्यायचे तर चिलखताला सांधे हवेत, आणि खरी अडचण तिथेच होती. दर दहा मीटर खोलीमागे चौरस सेंटीमीटरला साधारण एक किलो भार वाढतो. सांधा सैल ठेवला तर पाणी शिरतं, घट्ट केला तर त्याच भारानं तो जाम होतो. मार्सेयच्या कार्मान्योल बंधूंच्या 1882 च्या चिलखतात बावीस सांधे, पंचवीस काचेच्या खिडक्या आणि 380 किलो वजन होतं. तरी सांधे गळलेच. जर्मनीतल्या कीलच्या नॉयफेल्ट आणि कुन्के कंपनीनं गोल खोबणीचे सांधे वापरून बरीच खोली गाठली, पण खाली हालचाल जडच राही.

1930 मध्ये ‘इजिप्त’ शोधणाऱ्या ‘आर्तील्यो’ या इटालियन जहाजावर ही जर्मन चिलखतं होती. तिथला मुख्य पाणबुड्या अल्बेर्तो जान्नी यानं हातपायच वगळले. खिडक्यांच्या पोलादी कोठीत बसून माणूस फोनवर सांगे आणि वरून यारीचा पंजा हलवला जाई. त्याच डिसेंबरात दारूगोळ्यानं भरलेलं दुसरं बुडालेलं जहाज उडवताना स्फोटात ‘आर्तील्यो’ बुडालं आणि जान्नी गेला. सोनं हाती लागलं ते जून 1932 मध्ये, दुसऱ्या जहाजावरच्या माणसांच्या.

गंमत अशी, की त्याच 1930 साली स्कॉटलंडच्या लॉख नेस सरोवरात जिम जॅरेट हा पाणबुड्या चिलखत घालून 123 मीटरवर हातपाय हलवत होता. ते चिलखत बनवणाऱ्या जोसेफ पेरेस यानं सांध्यात द्रव कोंडून भार त्या द्रवावर तोलला होता. 1935 मध्ये जॅरेट बुडालेल्या ‘लुसिटानिया’ जहाजाच्या अवशेषांपर्यंतही पोचला. तरी ब्रिटिश नौदलाला एवढ्या खोलीची गरज वाटली नाही आणि चिलखत अडगळीत गेलं.

त्याला बाहेर काढलं समुद्रातल्या तेलानं. 1960 च्या दशकाअखेरीस ब्रिटिश अभियंत्यांनी पेरेसच्या सांध्यांवरूनच नवं चिलखत घडवायला घेतलं आणि जॅरेटच्या नावावरून त्याला ‘जिम’ म्हटलं. 1979 मध्ये सागरशास्त्रज्ञ सिल्व्हिया अर्ल ते घालून हवाईजवळ 381 मीटरवर चालल्या. सांध्याचं कोडं केव्हाच सुटलं होतं. त्या उत्तराचे पैसे मोजणारं गिऱ्हाईक मात्र चाळीस वर्षांनी आलं.