घोड्याच्या तोंडचा घास

युद्धातील घोडा म्हटला की पुढचे पाय उचलून उसळलेला, पुतळ्यातला घोडाच आपल्या डोळ्यांपुढे उभा राहतो. लढायांचे वृत्तान्त वाचताना मला दिसलेला घोडा मात्र निराळा आहे. तो मान खाली घालून रिकामा तोबरा हुंगत उभा आहे. तलवारीने आणि गोळीने घोडे मेलेच; परंतु लांबलेल्या मोहिमांत भूक, थकवा आणि रोगराई यांनी त्यांचा अधिक संहार केला. शौर्यकथांच्या धामधुमीत ही गोष्ट आपण सहज विसरतो.

हिशेब साधा आहे. कामाच्या घोड्याला रोज नऊ-दहा किलो दाणावैरण लागते. म्हणजे हजार घोड्यांना दिवसाला दहा टन! शिपाई एक वेळ अर्धपोटी लढेल, पण उपाशी घोडा दौड करू शकत नाही.

मराठी राज्यात ही जाण पहिल्यापासून होती. बारगिराला घोडा सरकारी पागेतून मिळे, तर शिलेदार स्वतःचा घोडा घेऊन चाकरीस येई. त्याचा घोडा मेला की त्याची सारी पुंजीच बुडाली. सभासदाच्या बखरीप्रमाणे पंचवीस घोड्यांमागे एक पखालजी आणि एक नालबंद नेमलेला असे. शिवाजी महाराजांचे चिपळूणजवळच्या छावणीतील अंमलदारांना पाठविलेले पत्र तर प्रसिद्धच आहे. साठवलेले दाणावैरण आताच बेपर्वाईने उडवाल तर भर पावसाळ्यात घोडी मरू लागतील आणि त्यांना तुम्हीच मारले असे होईल, असे महाराज त्यात बजावतात. साठा संपला की लष्करचे लोक कुणब्यांच्या घरात शिरतील, हेही त्यांना दिसत होते. घोड्याच्या तोंडचा घास शेवटी रयतेच्या शेतातूनच येतो, हे या पत्राचे मर्म आहे.

हाच घास तुटल्यावर काय होते, ते पानिपतावर दिसले. १७६०च्या नोव्हेंबरपासून मराठ्यांची आणि अब्दालीची छावणी समोरासमोर ठाकली. मराठ्यांच्या गोटात लढवय्यांबरोबर यात्रेकरू, बायकामुले आणि बाजारबुणगे होते. रसद पुरविणारे गोविंदपंत बुंदेले डिसेंबरात मारले गेले. वैरणीसाठी बाहेर पडणाऱ्या टोळ्यांवर शत्रूची घोडदळे तुटून पडत. माणसांबरोबर जनावरांचीही उपासमार सुरू झाली. अखेर उपाशी मरण्यापेक्षा लढून मरावे या निर्धाराने १४ जानेवारी १७६१ रोजी फौज बाहेर पडली. पराभवाची कारणे अनेक आहेत. परंतु दुपारनंतर अब्दालीने राखीव फौज पुढे घातली तेव्हा पुन्हा पुन्हा चाल करण्याचे बळ आपल्या घोड्यांत कितीसे उरले असेल? गनिमी काव्याचा सारा डाव ज्यांच्या पायांवर, त्यांचेच पाय लटपटत होते.

यंत्रयुग आले म्हणून घोडा सुटला असे झाले नाही. पहिल्या महायुद्धात (१९१४–१९१८) तोफा आणि दारूगोळा ओढत लाखो घोडी व खेचरे चिखलात राबली. सर्व पक्षांची मिळून सुमारे ऐंशी लाख जनावरे मेली असा अंदाज आहे. त्या युद्धात ब्रिटनने फ्रान्सला सुमारे ५२ लाख टन दारूगोळा पाठविला आणि दाणावैरण सुमारे ५४ लाख टन! तोफेपेक्षा तोबऱ्याचे वजन जास्त भरले.

घोड्याचा त्याग म्हणताना मी अडखळतो. त्याग स्वखुशीने होतो. घोड्याला कोणी विचारले होते? राज्य कोणाचे, वैर कोणाशी, हे त्याला ठाऊक नव्हते. त्याला ठाऊक होता तो खोगिराचा भार आणि चंदी देणारा हात. पानिपतच्या हानीची वार्ता देणाऱ्या त्या सांकेतिक पत्रात मोत्ये, मोहरा आणि खुर्दा यांची भाषा आहे. त्या अगणित खुर्द्यातही घोड्यांचा समावेश नसावा. इतिहासाचा अभ्यास करताना आपण निदान एवढे करावे : फौजेचा आकडा वाचला की तिच्या घोड्यांनी त्या दिवशी काय खाल्ले, हेही विचारावे. पुष्कळ लढायांचे उत्तर तेथेच सापडेल.