विश्लेषण : मुंबईच्या बाल्कनीत मेपलचे जंगल का जगत नाही? त्याऐवजी काय लावता येईल?

हातभर लांबीचा उथळ ट्रे, त्यात नऊ बारीक खोडांची मेपलची झाडे, वर तांबडी-केशरी पाने आणि खाली हिरवेगार शेवाळ. समाजमाध्यमांवर असे छायाचित्र पाहिले की बोरिवली-मुलुंडपासून अंधेरी-घाटकोपरपर्यंतच्या हौशी बागप्रेमींना ते आपल्या बाल्कनीत हवेसे वाटते. थंड भागातून कुरिअरने आलेली मेपलची रोपे सुरुवातीला तजेलदार दिसतात. एप्रिल उजाडला की पानांच्या कडा करपू लागतात. वर्ष-दोन वर्षांत ट्रे रिकामा होतो आणि पैसेही जातात. यात पाणी घालणाऱ्याचा दोष सहसा नसतो, निवड चुकलेली असते. बोन्साय जंगल मुंबईत होत नाही असे मात्र नाही. फक्त ते मेपलचे नसते.

मेपलला मुंबई का मानवत नाही?

जपानी मेपल हे समशीतोष्ण प्रदेशातले पानझडी झाड. शरद ऋतूत पाने रंगतात, गळतात आणि मग झाड काही महिने झोपी जाते. ही झोप त्याच्यासाठी आवश्यक असते. कित्येक आठवडे साधारण सात अंशांखालची थंडी मिळाली, तरच वसंतात कळ्या नीट फुटतात. मुंबईत जानेवारीतही किमान तापमान सरासरी सोळा-सतरा अंशांच्या घरात असते. सांताक्रूझ वेधशाळेतला नीचांक ७.४ अंशांचा आहे, तोही २२ जानेवारी १९६२ रोजीचा. म्हणजे उपनगरांच्या नोंदीतली सर्वात थंड रात्रसुद्धा मेपलच्या गरजेच्या जेमतेम उंबरठ्यावर पोहोचली होती, आणि अशी थंडी त्याला कित्येक आठवडे लागते.

झोप न मिळालेले झाड साठवलेल्या अन्नावर वर्षभर रेटत राहते. कळ्या अर्धवट फुटतात, फांद्या टोकाकडून वाळतात. त्यात उकाड्याच्या रात्री आणि पश्चिमेच्या बाल्कनीतले दुपारचे ऊन यांची भर पडते. काही जण हिवाळ्यात कुंडी फ्रीजमध्ये ठेवून पाहतात. एका कुंडीपुरता तो प्रयोग ठीक, नऊ झाडांच्या ट्रेसाठी फ्रीज कुठून आणणार?

बियांचे प्रकरण तर आणखी निराळे. ‘निळा मेपल’ म्हणून ऑनलाइन विकल्या जाणाऱ्या पाकिटांवर निळ्या पानांची चित्रे असतात. निळ्या पानांचा मेपल अस्तित्वातच नाही. खरे मेपलचे बी असले तरी त्याला ओलसर थंडीत सुमारे तीन महिने ठेवल्याशिवाय ते सहसा रुजत नाही.

बोन्साय जंगलाची पद्धत आली कुठून?

कुंडीतल्या निसर्गदृश्याची कल्पना मूळची चीनची. जपानने ती आपल्या शिस्तीत बसवली. एका ट्रेमध्ये अनेक झाडे लावण्याच्या शैलीला जपानीत ‘योसे-उए’ म्हणतात, म्हणजे एकत्र केलेली लागवड. टोकियोत १९२३ च्या भूकंपानंतर तिथले बोन्साय व्यावसायिक उत्तरेकडच्या ओमिया भागात गेले आणि १९२५ मध्ये तिथे बोन्सायचे गाव वसले. याच ओमियातले साबुरो काटो (१९१५-२००८) जंगल-लागवडीचे मोठे जाणकार मानले जातात. १९८९ मध्ये स्थापन झालेल्या जागतिक बोन्साय मैत्री महासंघाचे ते पहिले अध्यक्ष होते.

जगातले बहुधा सर्वात प्रसिद्ध बोन्साय जंगल मात्र अमेरिकेत आहे. जॉन नाका यांनी ज्युनिपरच्या अकरा झाडांचे ‘गोशिन’ उभे केले. आधी सात झाडे होती, कारण नातवंडे सात होती. नातवंडे वाढली तशी झाडेही वाढली. १९८४ मध्ये त्यांनी ते तिथल्या राष्ट्रीय बोन्साय प्रतिष्ठानला दिले आणि आज ते वॉशिंग्टनच्या राष्ट्रीय वृक्षोद्यानात आहे. घरातल्या बारशाबरोबर ट्रेमध्येही एक रोप वाढावे, ही कल्पना मराठी आजी-आजोबांनाही परकी वाटू नये.

मुंबईत इंडो-जपानी असोसिएशनच्या बोन्साय स्टडी ग्रुपने ही कला अनेकांपर्यंत नेली. पुण्यात फेब्रुवारी २०१८ मध्ये ‘बोन्साय नमस्ते’ या प्रदर्शनात हजारो बोन्साय मांडले गेले. या मंडळींच्या मांडणीत एक गोष्ट ठळक दिसते. भर असतो तो उष्ण हवेत तगणाऱ्या झाडांवर.

मग कोणते झाड घ्यावे?

पहिल्या जंगलासाठी नांदरूक, म्हणजे रोपवाटिकांत ‘फायकस’ नावाने मिळणारे बारीक पानांचे झाड, याला तोड नाही. मुळे छाटलेली सहन करते, उष्मा आवडतो, जुन्या खोडावरही नवी फूट येते. छाटल्यावर पांढरा चीक येतो, तो ओल्या फडक्याने टिपावा. एक गंमत अशी की जवळजवळ लावलेल्या नांदरुकांची मुळे आणि खोडे काही वर्षांत एकमेकांत मिसळतात. कुणाला ते जंगलाचे वय वाटते, कुणाला गोंधळ. लावतानाच अंतर ठरवलेले बरे.

कामिनीची पाने लहान, खोड फिकट आणि पावसाळ्यात सुगंधी फुले. विलायती चिंचेचे पान नाजूक असते, पण काटे सांभाळावे लागतात. सुरूच्या रोपांचे जंगल लांबून थेट किनाऱ्यावरच्या सुरूबनासारखे दिसते, मात्र त्याची मुळे एकदा कोरडी पडली की झाड सावरत नाही. जेड लावायला सोपे, पण पावसाच्या माऱ्यात कुजते. साग, कुसुम किंवा पिंपळ यांचा मोह टाळावा. पान मोठे असले की झाड कितीही खुजे ठेवले तरी जंगल वाटत नाही, कुंडीत कोंबलेली रोपे वाटतात.

सगळी झाडे एकाच जातीची घ्यावीत. पाण्याची, उन्हाची गरज सारखी राहते आणि डोळ्याला एकसंध रान दिसते.

जंगल खरे कशामुळे वाटते?

याचे उत्तर पुस्तकापेक्षा बोरिवलीच्या संजय गांधी राष्ट्रीय उद्यानात लवकर मिळते. सुमारे १०४ चौरस किलोमीटरच्या या रानात कान्हेरीच्या वाटेवर थांबून झाडांच्या पानांऐवजी खोडांकडे पाहावे. दाटीतली झाडे सरळ, उंच आणि खाली जवळपास फांद्याविरहित असतात, कारण सावलीत खालच्या फांद्या मरतात. कडेची झाडे उजेडाकडे झुकलेली असतात आणि त्यांच्या फांद्या बाहेरच्या अंगाला, बऱ्याच खाली, पसरलेल्या असतात. प्रत्येक झाड प्रकाशासाठी शेजाऱ्याशी झगडते आहे, हे खोडांच्या कलावरून वाचता येते. (मार्च-एप्रिलमध्ये गेल्यास कुसुमाची लालचुटूक कोवळी पालवीही दिसते. मेपलच्या रंगाचे वेड असलेल्यांनी ती एकदा पाहावीच.)

ट्रेमध्ये हेच उतरवायचे असते. सर्वात उंच झाड सर्वात जाड खोडाचे हवे. नवशिक्यांचे जंगल इथेच फसते. एका वयाची, एका जाडीची नऊ रोपे आणून लावली की ती पन्हेरीतल्या वाफ्यासारखी दिसतात. रोपवाटिकेत गेल्यावर मुद्दाम वेगवेगळ्या जाडीची रोपे निवडावीत. पेन्सिलीएवढी दोन-तीन, बोटाएवढी चार-पाच आणि अंगठ्याहून जाड एक. वेडीवाकडी, एका बाजूने उघडी पडलेली रोपे रोपवाटिकावाले स्वस्तात देतात. कडेसाठी तीच सर्वात उपयोगी.

मुख्य झाड ट्रेच्या मधोमध नको, एका बाजूपासून साधारण तिसऱ्या हिश्श्यावर हवे. त्याच्या अगदी जवळ दुसऱ्या क्रमांकाचे झाड. या जोडीभोवती मोठा गट जमतो आणि थोडे अंतर सोडून लहान गट. दोन गटांमधली मोकळी जागा हीच जंगलातली पायवाट. ती पुढे रुंद आणि मागे निमुळती होत झाडांआड वळली की दोन वितींच्या ट्रेला खोली येते. समोरून पाहताना एक खोड दुसऱ्याआड लपू नये, वरून पाहताना तीन खोडे एका रेषेत येऊ नयेत. अंतरे असमान ठेवावीत. मोठी झाडे पुढे आणि लहान मागे ठेवली तर आपण रानाच्या तोंडाशी उभे आहोत असे वाटते. लहान पुढे, मोठी मागे ठेवली तर रान दूरवर दिसते. दोन्हींची सरमिसळ केली की काहीच दिसत नाही.

झाडांची संख्या विषम ठेवण्याचा प्रघात आहे. जपानीत चारच्या एका उच्चाराचे मृत्यूच्या शब्दाशी साम्य असल्याने चार तर टाळतातच. दहा-बारांच्या पुढे झाडे गेली की कुणी मोजत बसत नाही.

लावताना काय काळजी घ्यावी?

खोल पिशवीतले रोप थेट उथळ ट्रेमध्ये बसत नाही. आधी एक वर्ष पसरट कुंडीत वाढवून, खाली जाणारे सोटमूळ छाटून, मुळे आडवी पसरू द्यावीत. उपनगरांत नांदरुकाच्या लागवडीला जूनमधले पहिले पाऊस बरे, हवेत ओलावा असतो आणि फूट लवकर येते.

ट्रे साठ सेंटिमीटर लांब आणि चार-पाच सेंटिमीटर खोल पुरतो. भोकांवर जाळी आणि त्यांतून वर काढलेल्या तारा लागतात. बाल्कनीत वारा जोराचा असतो आणि उथळ मातीत झाड स्वतःला धरू शकत नाही. म्हणून मुळे तारेने ट्रेला बांधणे अनिवार्य. वरच्या मजल्यांवर तर ही पायरी गाळूच नये. आधी मुख्य झाड, मग दुसरे, मग बाकीची. आतल्या बाजूच्या फांद्या लावतानाच काढाव्यात, बाहेरच्या राखाव्यात. माती मुख्य गटाखाली किंचित उंच करावी.

कोकणातली तांबडी माती एकटी वापरल्यास ट्रेमध्ये थापली जाते. चाळून धूळ काढलेले विटांचे बारीक तुकडे निम्म्याहून अधिक, उरलेल्यात माती आणि गांडूळखत, हे मिश्रण चालते. शेवाळ विकत आणायची गरज नाही. पावसाळ्यात सोसायटीच्या कुंपणभिंतीवर ते फुकट मिळते. पातळ थर खरवडून मातीवर दाबावा. तारांचे वळ खोडावर उमटण्याआधी तारा काढाव्यात, नांदरूक पावसाळ्यात झपाट्याने जाडावते.

पावसाळा सोपा की मे महिना?

पावसाळा दिसतो तितका कठीण नसतो. २६ जुलै २००५ ला सांताक्रूझमध्ये २४ तासांत ९४४ मिलिमीटर पाऊस झाला होता. एवढ्या पावसात कोणत्याही निचऱ्याची परीक्षा होते, पण एरवी विटांच्या मिश्रणातले पाणी वाहून जाते. ट्रेखाली ताटली मात्र ठेवू नये आणि एका बाजूला चिपळी लावून तो किंचित कलता करावा.

खरा घात मे महिन्यात होतो. घरचे चार दिवस गावाला जातात आणि चार सेंटिमीटर माती पहिल्याच दिवशी दुपारपर्यंत कोरडी होते. उथळ ट्रेला उन्हाळ्यात दिवसातून दोनदा पाणी लागते. शेजाऱ्यांकडे किल्ली देताना झारीही द्यावी आणि एकदा पाणी घालून दाखवावे. निघण्यापूर्वी ट्रे पूर्वेच्या किंवा सावलीच्या कोपऱ्यात हलवावा. बोअरवेल किंवा टँकरचे पाणी वापरणाऱ्यांना मातीवर पांढरट थर दिसतो. पावसाचे पाणी साठवून अधूनमधून ट्रे भरपूर धुतला की तो कमी होतो.

शेवटचा मुद्दा झाडाचा नाही, खालून चालणाऱ्यांचा आहे. भिजलेला असा ट्रे पंधरा किलोच्या आसपास भरतो. तो कठड्यावर किंवा खिडकीबाहेरच्या ग्रिलवर ठेवू नये. बाल्कनीच्या आत, कमरेच्या उंचीच्या भक्कम स्टँडवर ठेवला की खुर्चीत बसल्यावर खोडे थेट नजरेसमोर येतात आणि पायवाट आत वळताना दिसते.