हंपीला निघण्यापूर्वी

गाळप आटोपले की पुष्कळ मंडळी हंपीला निघतात. आमचे सांगणे एवढेच, की गाडी ठरवण्याआधी नकाशा ठरवा. नुसत्या रंगीत चित्रांचा नको. प्रमाण, दिशा, तुंगभद्रा नदी आणि पायवाटा दाखवणारा घ्या. विरूपाक्षापासून विठ्ठल मंदिर नदीकाठाने चालत दोनेक किलोमीटर. मोटारीला मात्र कमलापूरवरून वळसा. बरोबर म्हातारी माणसे असली तर हा फरक आधीच कळलेला बरा. पुस्तक पुरातत्त्व खात्याचे घ्या. १५६५ च्या तालिकोटच्या लढाईनंतर हे नगर उजाड झाले. पण नकाशात विजयनगरच्या वेळचे कालवे जरूर शोधा. त्यांचे पाणी आजही शेताला मिळते. आपण ऊसवाले; ते पाहिल्याशिवाय परतू नका.