धानाचा कटोरा भरला, पण वाण कुठे गेले?

रायपूरच्या समता कॉलनीत एखाद्या मराठी घरी सकाळी पोहे झाले, तर त्यात नवल ते काय? नवल आहे ते पोह्यांच्या पत्त्यात. रायपूरहून रेल्वेने बिलासपूरकडे निघालं की वाटेत भाटापारा लागतं. हे गावच मुळी पोह्यांच्या गिरण्यांसाठी प्रसिद्ध. या भागातला ‘महामाया’ हा जाड दाण्याचा वाण पोहे आणि मुरमुऱ्यांसाठी खास मानला जातो. म्हणजे इथल्या गृहिणीच्या कढईतले पोहे अक्षरशः घरचेच!

मराठी माणसालाही हा मुलूख परका नाही. नागपूरकर भोसल्यांपैकी बिंबाजी भोसले यांनी रतनपूरला राहून १७८७ पर्यंत छत्तीसगडचा कारभार पाहिला. समता कॉलनीच्या शेजारी, चौबे कॉलनीत, १९३५ साली स्थापन झालेलं महाराष्ट्र मंडळ आजही नांदतं आहे. १ नोव्हेंबर २००० रोजी छत्तीसगड मध्य प्रदेशातून वेगळं झालं आणि रायपूर राजधानी बनली. पण या प्रदेशाची खरी ओळख त्याहून कितीतरी जुनी आहे. ‘धान का कटोरा’, भाताचं कोठार!

माती तसा भात

महानदीच्या खोऱ्यातल्या या मैदानात वर्षाला साधारण १२०० ते १३०० मिलिमीटर पाऊस पडतो. बहुतेक शेती त्याच्याच भरवशावर. इथल्या शेतकऱ्याने मातीला नावं दिली आहेत. उंचवट्यावरची मुरमाड ती ‘भाठा’, पिवळसर ती ‘मटासी’, त्यानंतरची ‘डोरसा’ आणि सखल भागातली काळी ती ‘कन्हार’. उंचावर पाणी टिकत नाही, म्हणून तिथे लवकर पिकणारा हळवा भात. खाली ओल टिकते, तिथे उशिरा येणारा गरवा. दुष्काळात तगणारा वेगळा, सणासुदीचा सुवासिक वेगळा. दुबराज, विष्णुभोग, जवाफूल, जीराफूल, गुरमटिया... यादी संपतच नाही!

सारं जगणंच भाताभोवती फिरतं. उन्हाळ्यात पाण्यात भिजवलेला भात, सोबत कांदा नि चटणी, म्हणजे ‘बासी’. भात घरात आला की पौष पौर्णिमेला ‘छेरछेरा’. त्या दिवशी पोरंटोरं दारोदार धान मागत हिंडतात आणि प्रत्येक घर पसाभर धान देतं.

एका शास्त्रज्ञाचा ध्यास

या वैभवाची मोजदाद केली डॉ. राधेलाल रिछारिया यांनी. कटकच्या केंद्रीय भात संशोधन संस्थेचे संचालकपद भूषवलेला हा शास्त्रज्ञ सत्तरच्या दशकात रायपूरला आला. गावोगाव, आदिवासी पाड्यांवर फिरून त्यांनी भाताचे १७ हजारांहून अधिक नमुने गोळा केले. पिढ्यान्‌पिढ्यांची निवड हीच या वाणांची प्रयोगशाळा, हे त्यांनी ओळखलं होतं. १९९६ साली ते गेले. आज रायपूरच्या इंदिरा गांधी कृषी विद्यापीठात भाताचे २३ हजारांवर नमुने जपून ठेवलेले आहेत.

२००२ मध्ये याच ठेव्यावरून वादळ उठलं. सिंजेंटा या बहुराष्ट्रीय कंपनीशी विद्यापीठाची बोलणी चालल्याचं कळताच शेतकरी आणि कार्यकर्ते रस्त्यावर उतरले. अखेर कंपनीने माघार घेतली. ठेवा वाचला!

वाचला खरा, पण शीतगृहात. शेतात काय चित्र आहे?

तराजू नाव विचारत नाही

२०२३च्या खरिपापासून राज्यात धानाला क्विंटलमागे ३१०० रुपये मिळू लागले. मर्यादा एकरी २१ क्विंटलची. २०२४-२५च्या हंगामात तब्बल १४९ लाख टन धान सरकारने खरेदी केलं. यात वाईट ते काय? काहीच नाही. कापणी संपली की वीटभट्ट्यांची वाट धरणाऱ्या, पोटासाठी नागपूरपासून दूरदूर जाणाऱ्या या लोकांना हक्काचा भाव मिळाला, हे थोडं नव्हे.

पण खरेदी केंद्रावरचा तराजू फक्त वजन पाहतो. धान जाड असो की सुवासिक, भाव जवळपास एकच. उंच वाढणारा, वाऱ्याने लोळणारा, कमी उतारा देणारा दुबराज मग कोण लावणार? शेतकरी स्वर्णा, महामाया किंवा एमटीयू-१०१० पेरतो. त्याचं चुकलं असं कोण म्हणेल? मात्र शीतगृहातलं बी नुसतं जिवंत राहतं. बदलता पाऊस, नवी कीड यांच्याशी झुंजायला ते शेतातच शिकतं.

वाट अगदीच बंद नाही. सरगुजाच्या जीराफूलला २०१९ मध्ये भौगोलिक मानांकन मिळालं. २०२३ मध्ये नगरीच्या दुबराजलाही ते मिळालं, तेही बगरूमनाला गावातल्या महिला बचत गटाच्या नावे! आपल्या चंद्रपूर जिल्ह्यातल्या नांदेड गावच्या दादाजी खोब्रागडे यांनी तर स्वतःच्या शेतात लोंब्या निवडून ‘एचएमटी’ तांदूळ घडवला. तो आज छत्तीसगडातही पिकतो.

नावाला भाव मिळाला, तरच नावं टिकतील. तो भाव सरकारी तराजू देत नसेल, तर गिऱ्हाईक देऊ शकतं. तेव्हा रायपूरहून कुणी पाहुणा येणार असेल, तर त्याला मिठाई नको म्हणावं. नगरीचा दोन किलो दुबराज तेवढा आणायला सांगावा, आणि त्याचे दोन पैसे जास्त आनंदाने मोजावेत.