गर्भिणीचे मन आणि घरातील शब्द

तुळजापूरच्या भवानीची ओटी भरण्यासाठी महाराष्ट्रातील किती कुटुंबे धाराशिव जिल्ह्याची वाट चालतात, याची गणती करणे कठीण. नवी सून घरात आली म्हणजे पहिले दर्शन कुलस्वामिनीचे. तिला दिवस राहिले म्हणजे पहिला नवसही तिथलाच. देवीपुढे हात जोडून आपण मागतो ते सुखरूप बाळंतपण. परंतु त्या सुखरूपतेचा बराच मोठा भाग घरच्या माणसांच्या, आणि त्यातही पतीच्या, जिभेच्या स्वाधीन असतो, ही गोष्ट सहसा कोणाच्या ध्यानी येत नाही. म्हणून तिचाच थोडा विचार येथे करण्याचे आम्ही योजिले आहे.

आमच्या घरात बायकोवर कोणी हात उगारीत नाही, असे सुशिक्षित मंडळी अभिमानाने सांगतात. तो अभिमान रास्तच आहे. पण तेवढ्याने भागत नाही. “तूच काय जगावेगळी पोटुशी आहेस?”, “माझ्या आईने आठव्या महिन्यात विहिरीचे पाणी ओढले, तुला जिना चढवत नाही?”, “या खेपेस तरी मुलगा होऊ दे, नाही तर माहेरीच राहा,” ही वाक्ये कोणत्या आळीत ऐकू येत नाहीत? कोठे आठ-आठ दिवस अबोला, कोठे उठता-बसता माहेरच्यांचा उद्धार, कोठे औषधाला पैसे मागितले की हिशेबाची वही पुढे. या माराचे वळ अंगावर उठत नाहीत. म्हणून सोसणारीला तो दाखवता येत नाही, आणि करणाऱ्याला तो मार वाटत नाही. मुलगा की मुलगी हे तर पित्याच्या बीजावर ठरते, ही गोष्ट आज शाळेतील पोरेही जाणतात. तरी बोल लागतो तो आईलाच.

आपल्या प्राचीन वैद्यांना या विषयाचे मर्म पुरते ठाऊक होते. गर्भ टिकवून धरणाऱ्या गोष्टींत चरकाने मनाच्या प्रसन्नतेला अग्रस्थान दिले आहे. आणि गर्भिणीच्या देही दोन हृदये नांदतात म्हणून सुश्रुताने तिला दौहृदिनी म्हटले आहे. आपले डोहाळजेवण हा त्याच जाणिवेचा घरगुती संस्कार होय. याचा अर्थ असा नव्हे की, कडू शब्दाचा डाग बाळाच्या अंगावर उमटतो. घडते ते अगदी साधे असते. सतत धास्तीत असलेल्या स्त्रीची झोप उडते, अन्नावरची वासना जाते, तपासणीस जाण्याचा उत्साह मावळतो, आणि दुखले-खुपले सांगण्याची सोय उरत नाही. अशा स्थितीत राहणाऱ्या मातांची मुले अपुऱ्या दिवसांची वा कमी वजनाची होण्याचा संभव अधिक, असे आजचे वैद्यकही सांगते.

या बाबतीतला एक पुरावा आपल्या शेजारच्या गोव्यातला आहे. तेथील एका रुग्णालयात डॉ. विक्रम पटेल व त्यांचे सहकारी यांनी २७० मातांची गरोदरपणापासून पाहणी केली व २००२ साली तिचे निष्कर्ष प्रसिद्ध केले. बाळंतपणानंतर सहा ते आठ आठवड्यांनी शेकडा २३ माता खिन्नतेच्या विकाराने ग्रस्त आढळल्या. दारिद्र्य हे एक कारण होतेच. पण त्याच्या जोडीला पतीशी बिघडलेले संबंध, त्याने केलेला छळ आणि मुलाची आशा असता झालेली मुलगी हीही होती. पुढील वर्षी प्रसिद्ध झालेल्या लेखात असे दिसले की, या मातांची बाळे सहाव्या महिन्यात वजनाने व उंचीने इतरांच्या मागे होती. आईच्या मनाची जखम अशी बाळाच्या तागडीत उतरते.

आता पुन्हा धाराशिवकडे वळू. २०१८ साली केंद्र सरकारने देशातील जे मागे राहिलेले जिल्हे विशेष लक्ष देण्यासाठी निवडले, त्यांत हा जिल्हा होता. २०१६ पासून दर महिन्याच्या नवव्या तारखेस सरकारी दवाखान्यांत गर्भवतींची तपासणी करण्याचा प्रघात आहे. तेथे वजन होते, रक्तदाब पाहतात, रक्ताची परीक्षा होते. पण “घरी तुझ्याशी नीट बोलतात ना?” हा प्रश्न कोणत्या रकान्यात लिहावयाचा? तो विचारावयास विश्वासाचे माणूस हवे. तुळजापूर तालुक्यातील अणदूर येथे डॉ. शशिकांत अहंकारी व त्यांच्या सहकाऱ्यांनी हॅलो मेडिकल फाउंडेशनच्या द्वारे गावच्याच स्त्रियांना शिकवून ‘भारतवैद्य’ म्हणून तयार केले, त्याचे मोल येथे कळते. जी बाई दाराशी ओळखीने येते, तिच्यापाशीच मनातले बोलवते. मुंबईत वांद्र्याच्या भाभा रुग्णालयात या शतकाच्या आरंभी ‘दिलासा’ केंद्र निघाले, तेही याच विचाराने: छळ हा आरोग्याचा प्रश्न आहे, तेव्हा त्याची विचारपूस दवाखान्यातच व्हावी.

कायद्यानेही ही गोष्ट मान्य केली आहे. २००५ चा कौटुंबिक हिंसाचार प्रतिबंधक कायदा २६ ऑक्टोबर २००६ पासून अमलात आला. त्यात शब्दांनी व मनाला दिलेली पीडा ही हिंसाच गणली आहे. मूल नाही वा मुलगा नाही म्हणून केलेली हेटाळणी तर त्यात स्पष्ट शब्दांत नमूद आहे. पीडितेस संरक्षण अधिकाऱ्याकडे जाता येते. १८१ या क्रमांकावर साहाय्य मागता येते. आणि मन फारच खचले असेल तर १४४१६ या क्रमांकावर मनाच्या वैद्यकाचा सल्ला विनामूल्य मिळतो.

परंतु कचेरीची पायरी चढण्याची वेळ सुनेवर येऊ न देणे, हे एकत्र कुटुंबाच्याच हाती आहे. जेथे दहा माणसे नांदतात, तेथे पतीचा कठोर शब्द दहा जणांच्या कानी पडतो. त्या दहांनी मान खाली घातली, तर तो शब्द सबंध घराचा होतो. सासूबाईंनी एवढेच म्हणावे, “अरे, तिच्याशी असे बोलू नकोस, मी हे सोसले आहे, मला ठाऊक आहे.” सासऱ्यांनी मुलाला एकांतात बोलावून समज द्यावी. जावेने तिला घटकाभर जवळ बसवून घ्यावे. आणि पतीने तपासणीस स्वतः बरोबर जावे, परतताना वाटेत तिला काय वाटते ते विचारावे, आणि ती सांगेल ते मध्ये न तोडता ऐकावे.

ओटीत आपण तांदूळ घालतो, नारळ घालतो, खण घालतो. घरच्या गर्भिणीच्या ओटीत दोन गोड शब्द घालावयास कोणाला काय खर्च येतो? डोहाळजेवणाचे ताट एका दिवसाचे. शब्दांचे ताट मात्र नऊ महिने नऊ दिवस रोज वाढावे लागते.