औषधाचे माप आणि आपण

ठाणे, कल्याण, डोंबिवली या पट्ट्यातील कामगाराला माप म्हणजे काय हे शिकवावे लागत नाही. वागळे इस्टेटीतील टर्नर सूत आणि मिलिमीटर यांतील फरक जाणतो. डोंबिवलीच्या रासायनिक कारखान्यातील ऑपरेटर किती लिटरला किती किलो, हे तोंडपाठ सांगतो. परंतु हाच माणूस घरी औषधाच्या बाटलीपुढे मात्र 'एक चमचा' एवढ्यावर समाधान मानतो. कारखान्यात बिघडलेला माल पुन्हा भट्टीत घालता येतो. पोटात गेलेले औषध परत घेता येत नाही.

प्रथम एक गोष्ट स्पष्ट करू. कोणते औषध आणि किती, हे ठरवणे डॉक्टरांचे काम आहे. ठरलेली मात्रा बरोबर मोजली जाते की नाही, हे पाहणे आपले. त्यासाठी त्रैराशिकाहून अधिक गणित लागत नाही.

आपल्या देशात वजनमापांचा कायदा १९५६ साली झाला. १ एप्रिल १९५७ पासून दशमान नाणी आली आणि ऑक्टोबर १९५८ पासून टप्प्याटप्प्याने मेट्रिक वजने. सुमारे ११.६६ ग्रॅमचा तोळा गेला, तसेच औषधांच्या दुकानातले ग्रेन, ड्राम आणि औंसही मागे पडले. एक ग्रेन म्हणजे सुमारे ६५ मिलिग्रॅम. ॲस्पिरिनच्या गोळीचा ३२५ मिलिग्रॅम हा चमत्कारिक वाटणारा आकडा म्हणजे जुने पाच ग्रेनच होत. आता एक ग्रॅम म्हणजे हजार मिलिग्रॅम आणि एक मिलिग्रॅम म्हणजे हजार मायक्रोग्रॅम. थायरॉइडची ५० मायक्रोग्रॅमची गोळी म्हणजे ०.०५ मिलिग्रॅम. येथे एक शब्द चुकीचा वाचला, तर हजारपटीचा घोटाळा होतो.

आता मुलांचे औषध घेऊ. तापावरच्या पॅरासिटामॉलची मात्रा मुलाच्या वजनावरून ठरते. दहा किलोच्या मुलाला डॉक्टरांनी एका वेळी १५० मिलिग्रॅम सांगितले असे समजा. बाटलीवर '५ मिलिलिटरमध्ये १२० मिलिग्रॅम' असेल, तर १५० ला १२० ने भागून ५ ने गुणावे: ६.२५ मिलिलिटर. '५ मिलिलिटरमध्ये २५० मिलिग्रॅम' असेल, तर ३ मिलिलिटर. तान्ह्या मुलांच्या थेंबांच्या बाटलीत '१ मिलिलिटरमध्ये १०० मिलिग्रॅम' असते, तेथे १.५ मिलिलिटर पुरतात. औषध एकच, मूल एकच, माप मात्र तीन तऱ्हांचे. पहिल्या बाटलीचे ६.२५ मिलिलिटर थेंबांच्या बाटलीतून दिले, तर पोटात ६२५ मिलिग्रॅम जातात, म्हणजे चौपटीहून अधिक! स्वयंपाकघरातला चमचा तर घरोघरी वेगळा. म्हणून बाटलीबरोबर आलेले माप किंवा सुई नसलेली सिरिंजच वापरावी.

याहून गंभीर प्रकरण इन्सुलिनचे. आपल्याकडे कुपीतले इन्सुलिन बहुधा मिलिलिटरला ४० युनिटचे असते, पेनमधले १०० युनिटचे. सिरिंजाही दोन प्रकारच्या मिळतात: ४० ची सहसा लाल टोपणाची, १०० ची नारिंगी टोपणाची. समजा वीस युनिट घ्यायचे आहेत. ४० च्या कुपीतून १०० च्या सिरिंजने वीसच्या खुणेपर्यंत घेतले, तर ०.२ मिलिलिटर येते, म्हणजे फक्त ८ युनिट. साखर चढतच राहते. उलट १०० चे इन्सुलिन ४० च्या सिरिंजने वीसपर्यंत घेतले, तर ०.५ मिलिलिटर, म्हणजे ५० युनिट. त्याने साखर एकदम उतरून माणूस बेशुद्ध पडू शकतो, जीवही जाऊ शकतो. कुपीवरचा आणि सिरिंजवरचा आकडा जुळला, तरच हात पुढे करावा. टोपणाच्या रंगावर विसंबू नये, आकडा वाचावा.

रात्रपाळीच्या कामगाराने आणखी एक करावे. 'सकाळ-संध्याकाळ' हे शब्द दिवसा जेवणाऱ्या आणि रात्री झोपणाऱ्या माणसासाठी असतात. आपली पाळी केव्हा, जेवण केव्हा, झोप केव्हा, हे डॉक्टरांना आधी सांगावे आणि वेळा ठरवून घ्याव्यात.

औषध घेताना दुकानदाराला तीन प्रश्न विचारावेत: यात औषध किती आहे? एका वेळी किती मिलिलिटर किंवा किती गोळ्या? दिवसातून कितीदा? उत्तर खोक्यावर लिहून घ्यावे, म्हणजे आपण कामावर असताना घरी औषध देणाऱ्या आईला किंवा मुलीला अंदाज करावा लागणार नाही. पगाराच्या चिठ्ठीवरचा प्रत्येक आकडा तपासून घ्या, असे आम्ही कामगारांना सांगत आलो. औषधाच्या चिठ्ठीलाही तोच नियम लावावा, एवढेच आमचे मागणे आहे.